क्रमांक कॉलेजचा, चार वर्षे मुलांची

संपादक महोदय,

अभियांत्रिकी प्रवेशाच्या तोंडावर आपल्या पुरवणीत कॉलेजांचे 'एनआयआरएफ' क्रमांक आणि गेल्या वर्षीचे कटऑफ असा पानभर तक्ता आला. तक्ता कामाचा आहे, वाद नाही. पण आमच्या भागात त्याचे पुढे काय होते, ते कळवावेसे वाटले.

नेट कॅफेत वडील ते पान समोर पसरून बसतात आणि ऑप्शन फॉर्ममध्ये वरून खाली तीच यादी उतरवतात. शेजारून मुलगी म्हणते, "पप्पा, मला सिव्हिल पाहिजे." उत्तर ठरलेले: "आधी कॉलेज तर लागू दे, ब्रँचचं नंतर बघू." नंतर बघायला फारसे उरत नाही. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली की ती गोठते.

हा क्रमांक मोजतो तरी काय? 2016 पासून केंद्र सरकार ही यादी काढते. अभियांत्रिकीसाठी अध्यापन व साधनांना 30 टक्के वजन, संशोधनाला 30, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला 20, समावेशकतेला 10 आणि नावलौकिकाला 10. म्हणजे शोधनिबंध आणि पेटंटना जेवढा मान, तेवढाच शिकवण्याला. पहिल्या सेमिस्टरच्या गणितात अडखळणाऱ्या पोराला त्या शोधनिबंधांचे काय? शिवाय क्रमांक अख्ख्या संस्थेचा, मुलगा बसणार एका ब्रँचमध्ये. शंभराच्या पुढे तर नुसते गटच असतात, '101 ते 150' असे. होर्डिंगवर मात्र त्याचे 'देशात अग्रगण्य' होते.

कटऑफची तर निराळीच गंमत. गेल्या वर्षी शेवटची जागा किती पर्सेंटाइलला गेली, एवढेच तो सांगतो. तो गर्दी मोजतो. यंदाची मुले तो बघून फॉर्म भरतात, म्हणून गर्दी पुन्हा तिथेच होते आणि कटऑफ पुन्हा तेवढाच लागतो.

यावर काहीजण म्हणतील, आपल्याला मानवेल असे कॉलेज शोधणे हे सुखवस्तू घरांचे चोचले. ज्याच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्याला क्रमांकाचाच आधार. यात तथ्य आहे. सीओईपी किंवा व्हीजेटीआयला हवी ती ब्रँच मिळत असेल, तर डोळे झाकून जावे. तिथे येणाऱ्या कंपन्या आणि शेजारच्या बाकावरची मुले, दोन्हींनी फरक पडतो. पण ऐंशी पर्सेंटाइलवाल्यापुढे हा पेच नसतोच. त्याच्यापुढे असते पुण्याच्या वेशीवरचे एक खासगी कॉलेज आणि एसटीच्या पासात जाऊन येता येईल असे दुसरे. तिथे पाच-दहा क्रमांकांच्या फरकासाठी घर कर्जात घालणे मला तरी पटत नाही. 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या दुर्बल व मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, हे चांगलेच झाले. पण पुण्यातली कॉट आणि मेस काही माफ झालेली नाही.

आणि बघायचेच असेल तर त्याच एनआयआरएफसाठी कॉलेजने भरलेली माहिती बघा. किती मुले वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, मधल्या मुलाला पगार किती मिळाला, हे सगळे त्यात असते. जाहिरातीतले 'हायेस्ट पॅकेज' एकाचे असते. मधला पगार बहुतेकांच्या जवळचा. माहिती कॉलेजनेच दिलेली, तेव्हा एकदा गेटवर जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही विचारावे: प्रॅक्टिकलला मशीनला हात लावायला मिळतो, की जर्नल उतरवून घेतात? तासाला कायमचे सर येतात, की दर सहामाहीला नवा चेहरा?

आपणास विनंती, की पुढच्या तक्त्यात क्रमांक आणि कटऑफ यांच्या शेजारी आणखी चार रकाने छापावेत: वार्षिक फी, वसतिगृहातील जागा, ब्रँचनिहाय कायमस्वरूपी अध्यापक आणि मधला पगार. फॉर्म भरण्याची मुदत संपण्याआधी ते पान आले, तर फार उपकार होतील.

— कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षिका, मिरज