बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

हा प्रश्न माझ्या थोरल्या काकांनी काकूला विचारला होता. काका बुऱ्हाणपूरला यंत्रमागावर काम करीत. तापीकाठचे हे गाव मध्यप्रदेशात असले तरी अनेक घरांत मराठी बोलली जाते. एका शिबिरात काकांचा रक्तदाब १७०/११० निघाला. डोकेदुखी नाही, चक्कर नाही! मिळालेल्या महिन्याभराच्या गोळ्या त्यांनी इमानाने घेतल्या. पुन्हा मोजला तेव्हा १३०/८४. काका खूश! रोग बरा झाला असे समजून त्यांनी गोळ्या बंद केल्या. दोन वर्षांनी एका सकाळी हातातला चहाचा कप निसटला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

काका अडाणी नव्हते. मापाचे आणि पैशाचे सारे हिशेब ते वहीत लिहून ठेवीत. मग चुकले कुठे? मलेरियाच्या गोळ्या ठराविक दिवस घ्यायच्या असतात, त्या संपल्या की औषध संपले, हा अनुभव सर्वांच्या गाठी असतो. काकांनी ही गोळीही त्याच हिशेबात धरली. आकडा गोळीमुळे उतरला आहे आणि ती थांबली की पुन्हा चढेल, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. चिठ्ठी होती इंग्रजीत!

रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक निघाला की तो उच्च रक्तदाब समजतात. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना घसारा ठाऊक असतो. यंत्र सुरळीत चालू असतानाही झिजतच असते. येथेही तसेच. वाढलेल्या दाबाने रक्तवाहिन्या कडक होतात, हृदयाचा स्नायू जाड होतो, मूत्रपिंडांना इजा पोचते, आणि माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. म्हणून ‘बरे वाटते’ याला येथे किंमत नाही, मोजलेच पाहिजे. तेही पाच मिनिटे शांत बसून, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून. जिना चढून धापा टाकीत मोजलेला आकडा काय कामाचा?

‘ॲलोपथीच्या गोळीची सवय लागते’ असे शेजारीपाजारी काकांना सांगत. चष्म्याचीही सवय लागते, म्हणून तो कुणी तापीत फेकून देत नाही! देशी औषधाचा अभिमान असणाऱ्यांनी मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांची आठवण ठेवावी. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. डॉ. वकिलांनी ती रुग्णांना देऊन त्यांचा रक्तदाब मोजला आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांचे तिच्याकडे लक्ष गेले. आता तिच्याहून सोयीची औषधे आली आहेत. साधी ॲम्लोडिपिनची गोळी बहुतेकांना परवडते, सरकारी आरोग्य केंद्रांत ती मोफतही मिळते.

मिठाचेही सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा चमचाभरही नाही, एवढेच मीठ खा म्हणते. लोणचे-पापड कमी करा हे लिहिणे सोपे. आमच्या काकूसमोर म्हणून पाहावे!

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम २०१७ साली सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच राज्यांत मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होते. ठरलेली औषधे घराजवळ द्यायची आणि न आलेल्या रुग्णाला बोलावून घ्यायचे, ही त्याची पद्धत मला फार पटते. गोळी सुटते ती याच टप्प्यावर. आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिणारे हात आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढल्या शिबिरात प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर दोन्ही भाषांत एक ओळ का लिहू नये : ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी बंद करू नका’?

काका आता अडखळत बोलतात. मागाच्या हिशेबाच्या जुन्या वहीत दर रविवारी रक्तदाबाचा आकडा डाव्या हाताने लिहितात. मागच्या रविवारचा होता १३४/८२.