शिवी, जाहिरात आणि व्यंजना

२००६ साली नेदरलँड्समध्ये सोनीने पांढऱ्या प्लेस्टेशन पोर्टेबलची जाहिरात फलकांवर झळकवली. चित्रात एका गोऱ्या स्त्रीने कृष्णवर्णीय स्त्रीचा जबडा पकडलेला; शब्द एवढेच, की 'व्हाइट' येत आहे. मराठीत वस्तू पांढरी आणि माणूस गोरा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. वंशद्वेषाचा आरोप झाला. कंपनीने आधी रंगांमधल्या विरोधाकडे बोट दाखवले, मग जुलैत जाहिरात मागे घेतली.

आम्हां रत्नागिरीकरांकडे जुना मित्र भेटला की पहिला शब्द पुष्कळदा शिवीच असतो. तिथे अभिधा अश्लील, व्यंजना मायेची. त्या फलकावर नेमके उलटे होते: अभिधा निरुपद्रवी, व्यंजना जहरी. म्हणूनच निषिद्ध शब्दांच्या याद्या करून जाहिराती सुधारतील, हे आम्हांस पटत नाही. मित्राची शिवी खपते, कारण ऐकणाऱ्याला ती परतवता येते. फलकाला उलट उत्तर देता येत नाही.

काव्यशास्त्राच्या तासाला व्यंजनेची उदाहरणे आपण जुन्या श्लोकांतूनच देतो. एखादे रस्त्यावरच्या फलकावरचेही द्यावे. विद्यार्थी तो रोज वाचतात.