न्हाणीमागची कर्दळ

आमच्या वाशीम जिल्ह्यात आता नवं घर झालं की पहिलं मरण आंगणाचं. उधार-उसनवार करून चहूकडून फरशी बसवतात अन् न्हाणीमागची कर्दळ कुदळीनं खणून उकिरड्यावर टाकतात. मग गेटाजवळ नर्सरीतल्या दोन कुंड्या येतात. त्यांना रोज प्यायचं पाणी घालावं लागते. लोक याला सुधारणा म्हणतात. मी याला अडाणीपण म्हणतो.

कर्दळ माणसाएवढी वाढते, पण ते झाड नव्हे. लाकूड तिच्यात काडीभर नाही. केळ अन् हळद तिच्या सोयऱ्यातल्या. हळदीसारखाच तिचा जीव जमिनीतल्या कंदात. फुलून गेलेला दांडा बुडाशी कापा, शेजारी नवा कोंब तयारच असते. उन्हाळ्यात वरचं सारं वाळलं तरी मिरगाच्या पाण्यानं पुन्हा फुटते. कंद शेजारणीकडून फुकट मिळते.

आता पाण्याचा हिशेब करा. जलजीवन मिशन 2019 साली आलं. त्याचं माप माणशी रोज 55 लिटर. पाच माणसांच्या घराला 275 लिटर. त्यातलं प्यायला-रांधायला लागते थोडंच. बाकीचं न्हाणी, भांडी, धुणं करून बाहेर पडते. नळ घरात घेताना सारे रांगेत उभे राहिले, पण निघालेलं पाणी कुठं जाईल हे कोणी विचारलं नाही. ते रस्त्यावर जाते. चिखल होते, डास होतात, अन् मग ग्रामसभेत भांडणं.

आमच्या आया-आज्यांनी हे भांडण होऊच दिलं नव्हतं. न्हाणीचं पाणी चरीनं केळीला, कर्दळीला, अळूला जायचं. आज इंजिनिअर लोक सांडपाणी साफ करायला खडी-वाळूच्या वाफ्यात हीच कर्दळ लावतात. आपल्या दारची मात्र आपल्याले गावंढळ वाटते.

"कर्दळीत डास होतात, साप बसते," असं म्हणणारे भेटतात. अरे बाबा, डास साचलेल्या पाण्यात होतात. अंड्याचा डास व्हायला आठवडाभर तरी लागते. दिवसाच्या दिवशी जिरलेल्या पाण्यात तो होईन कसा? आपल्या काळ्या मातीत पाणी हळू जिरते हे खरं. म्हणून चर लांब काढा, तळाशी गोटे-खडी टाका. सापाचं भेव असेल तर वाळली पानं काढत जा, बूड मोकळं ठेवा. दाटी झाली की दोन-तीन वर्षांनी कंद खणून वाटून टाका. एवढी मेहनत फरशी धुवायलेही लागतेच.

मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावानं आंघोळीचं पाणी रस्त्यावर सोडावं, ही कोणती श्रीमंती? फरशी खुशाल घाला, पण न्हाणीमागं चार हात माती सोडा. मिरगाआधी ज्याले कंद पाहिजेत, त्यानं टोपलं घेऊन माझ्याकडं यावं.