साथीतून वाचलेली शेळी आणि कळपाचे रक्षण

मोहोळ तालुक्यात उस्मानाबादी शेळी हा अल्पभूधारकाचा मोठा आधार होय. तिला भय असते ते पीपीआर, म्हणजेच शेळ्यामेंढ्यांच्या बुळकांडीचे. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण, हगवण व फुफ्फुसदाह ही या विषाणुजन्य रोगाची लक्षणे होत. भारतात तो प्रथम १९८७ साली तामिळनाडूत आढळला.

रोगातून वाचलेल्या शेळीस तो सहसा पुन्हा होत नाही, हा पशुपालकांचा अनुभव शास्त्रसंमतच आहे. परंतु ‘साथ येऊन गेली, आता लस कशाला?’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आमच्या मते घातक आहे. ती प्रतिकारशक्ती त्या शेळीपुरतीच असते. तिच्या करडांना चिकातून लाभलेले संरक्षण तीन-चार महिन्यांत ओसरते. बाजारातून आणलेल्या नव्या जनावराचा तर काहीच भरवसा नसतो. शिवाय रोगाने दिलेल्या या शक्तीचे मोल कळपातील मेलेल्या जनावरांनी चुकविलेले असते.

भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात तयार झालेली लस हेच संरक्षण रोगावाचून देते व ते किमान ३ वर्षे टिकते. म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी चार महिन्यांवरील करडांची व नव्या जनावरांची यादी करून पशुवैद्यकीय दवाखान्यास द्यावी आणि सर्व गावाची टोचणी एकाच वेळी करवून घ्यावी. गुरांची बुळकांडी लसीच्याच बळावर हटली व २०११ साली जग तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. शेळ्यांची बुळकांडीही हटेल. मात्र टोचणीतून एकही दावण सुटता कामा नये.