आराखडा सर्वांचा असावा

वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, असा सर्वसाधारण समज आहे. व्यवहारापुरता तो खराही आहे. परंतु आजच्या घरातील यंत्रांकडे एकदा निरखून पाहिले म्हणजे त्याविषयी शंका येऊ लागते. मिक्सरच्या तळाशी असे स्क्रू असतात की घरातला कोणताही स्क्रूड्रायव्हर त्यांना बसत नाही. आतील सर्किट बोर्डावरचा कोणता भाग कशासाठी आहे, हे कोठेही लिहिलेले नसते. आणि दुकानदार निर्विकारपणे सांगतो, ‘हे दुरुस्त होत नाही, नवीन घ्या.’ म्हणजे पैसे आपण मोजले, यंत्र आपल्या घरी आले, परंतु त्याचे रहस्य मात्र कारखानदाराच्या तिजोरीतच राहिले! हे कुलूप उघडू पाहणारी जी चळवळ गेल्या वीसएक वर्षांत जगभर पसरली, तिला ‘ओपन सोर्स हार्डवेअर’ म्हणतात. मराठीत आपण ‘खुल्या आराखड्याची यंत्रे’ म्हणू. अशी यंत्रे जेथे शेजारपाजारचे लोक सामायिक हत्यारांनी बनवितात, त्या कर्मशाळेला ‘मेकरस्पेस’ हे नाव रूढ झाले आहे. बडोद्याने, आणि विशेषतः येथील शाळांनी, या चळवळीकडे परदेशी टूम म्हणून न पाहता आपल्याच घरच्या परंपरेचा पुढचा भाग म्हणून पाहावे, असे माझे मत आहे.

खुला आराखडा म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इटलीतील इव्रेया या गावी २००५ साली काही अध्यापकांनी विद्यार्थ्यांना परवडेल असा एक छोटा सर्किट बोर्ड तयार केला व त्याला ‘आर्डुइनो’ हे नाव दिले. तळहातावर मावणारी ही पट्टी दिवे लावते, मोटार फिरविते, उष्णता मोजते. आणि काय करावे हे तिला संगणकावरून शिकविता येते. तिच्या निर्मात्यांनी तिचा संपूर्ण नकाशा जाहीर करून टाकला. कोणीही तो घ्यावा, तशीच पट्टी बनवावी, विकावी, तीत सुधारणा करावी. मात्र सुधारलेला नकाशाही तसाच सर्वांना खुला ठेवावा, आणि ‘आर्डुइनो’ हे नाव परवानगीवाचून लावू नये. नाव राखून ज्ञान मोकळे करण्याची ही विभागणी मोठी शहाणपणाची आहे. त्याच सुमारास इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी ‘रेपरॅप’ या थ्रीडी प्रिंटरचे काम हाती घेतले. हे यंत्र स्वतःचेच पुष्कळसे सुटे भाग स्वतः घडवू शकते, आणि त्याचाही आराखडा खुला आहे. आज थ्रीडी प्रिंटर शाळांच्या आटोक्यात आले, याचे बरेचसे श्रेय या मोकळेपणाला आहे.

हा विचार आपल्याकडे अगदीच अपरिचित नव्हता. गांधीजींना चरखा हवा होता, तेव्हा तो कोठेच मिळेना. पुष्कळ वणवण केल्यावर गंगाबेन मजमुदार यांना तो बडोदे संस्थानातील विजापूर येथे सापडला, हे गांधीजींनी आत्मकथेत नमूद करून ठेवले आहे. पुढे १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी आजही वाचण्याजोग्या आहेत. यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, वेळोवेळी निगा राखल्यास ते निदान वीस वर्षे टिकावे, आणि संशोधकाने त्याचे पेटंट घेतलेच असेल तर ते हक्क संघाच्या स्वाधीन करावेत! बक्षीस कितीही मोठे असो, आराखडा एकट्याच्या मुठीत राहता कामा नये, हा त्यातील मुद्दा होता.

बडोद्याचा या बाबतीतला वारसा तर फारच मोठा आहे. १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपविली. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकविले जात. शास्त्रीय ग्रंथ व परिभाषा देशी भाषांत आणण्याच्या गज्जरांच्या योजनेला महाराजांनी ५०,००० रुपये मंजूर केले होते. त्या काळातील रुपयाची किंमत ध्यानात घेतली म्हणजे या निर्णयाचे धाडस कळते. दादासाहेब फाळके याच कलाभवनात छायाचित्रण व इतर कला शिकले. गज्जर, कोटिभास्कर व अमीन यांनी १९०७ साली अलेंबिक कारखान्याचा पाया घातला, तोही याच वातावरणात. आज ते कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा म्हणून उभे आहे. त्याच्या घुमटाखालून आपण नित्य जातो-येतो.

महाराजांची दुसरी कृती मला या विषयाच्या अधिक जवळची वाटते. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला पाचारण केले आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. प्रत्येकाने प्रत्येक पुस्तक विकत घेण्याची गरज नाही; एक प्रत शंभरांना पुरते, हे त्यामागील साधे तत्त्व होते. मग लेथ, लेसर कटर, ड्रिल, सोल्डरिंगची इस्त्री यांना हे तत्त्व का लागू होऊ नये? लेसर कटर कोण्या एका कुटुंबाला परवडणार नाही, आणि परवडला तरी वर्षातून दोनदाच लागेल. मेकरस्पेस म्हणजे हत्यारांचे ग्रंथालय, असे मी समजतो.

हे केवळ कल्पनेतले चित्र नव्हे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे अवर्षणग्रस्त गाव आहे. हिंदुस्तान लिव्हरमधील संशोधनाची नोकरी संपल्यावर डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम काढला. सुपीक, सोयीचे गाव न निवडता त्यांनी मुद्दाम कोरडे गाव निवडले. शाळा सोडलेली मुले हाताने काम करता करता शिकतील, आणि त्यांच्या कामाचा गावाला उपयोग होईल, अशी त्यांची पद्धत. जुन्या जीपच्या भागांतून तेथे ‘मेकबुल’ नावाचा लहान ट्रॅक्टर तयार झाला. त्रिकोणी चौकटी जोडून कमी खर्चाची घुमटाकार घरे उभी राहिली. जमिनीखालील पाण्याचा अंदाज घेणारे यंत्र बनले. याच आश्रमाने आखलेला तंत्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पुढे अनेक ग्रामीण माध्यमिक शाळांत गेला. त्यात आठवड्याचा एक दिवस मुले लोखंड जोडतात, विजेची जोडणी करतात, माती व रक्त तपासतात आणि गावकऱ्यांची कामे मोबदला घेऊन करून देतात. मोबदल्याची ही अट मला महत्त्वाची वाटते. फुकटचे काम वाईट झाले तरी कोणी बोलत नाही. पैसे देणारा मनुष्य मात्र दार नीट लागते की नाही ते पाहतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्रा. नील गर्शेनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ ही कल्पना मांडली. त्या संस्थेच्या आवाराबाहेर जगात ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब निघाल्या, त्यांपैकी एक २००२ साली निघाली ती या पाबळला! न्यूयॉर्क-लंडन सोडून एका कोरड्या मराठी खेड्यात ती का यावी? मला वाटते, तेथे लोक आधीच बनवीत होते. यंत्रे मागाहून आली.

दुसरे उदाहरण संकटकाळातले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देश बंद झाला, तेव्हा डॉक्टरांना व परिचारिकांना चेहरा झाकणारे फेस शील्ड मिळेनात. मुंबईतील ‘मेकर्स असायलम’ या कर्मशाळेने एक साधा नमुना बसविला आणि तो गुप्त न ठेवता सर्वांना देऊन टाकला. वाहतूक बंद होती, माल एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणे कठीण; पण आराखड्याला कोण अडविणार? ज्या गावी लेसर कटर होता, तेथे शील्ड तयार होऊ लागले. ४९ दिवसांत देशातील ४२ शहरे व गावे मिळून १० लाख शील्ड तयार झाले. एकाच मोठ्या कारखान्यावर सारी भिस्त असती, तर त्याच्या फाटकाला लागलेल्या कुलपाने सर्वांचे हात बांधले गेले असते.

आता शंका. कोणी म्हणेल, आर्डुइनोचा नकाशा खुला असला तरी तीवरील चिप परदेशातूनच येते, मग हे स्वावलंबन कसले? आक्षेप खरा आहे. चिप काही गल्लीतल्या कर्मशाळेत होणार नाही. परंतु शिंपीही सुई स्वतः घडवीत नाही. विजेच्या उपकरणांबाबतचा आक्षेप याहून गंभीर आहे. खुला नकाशा पाहून अर्धवट ज्ञानाने बनविलेले यंत्र जिवावर बेतू शकते. म्हणून घरातील विजेच्या मुख्य प्रवाहाला जोडावयाची कोणतीही वस्तू जाणत्याने तपासल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. पण मला सर्वांत अधिक भीती वाटते ती खेळण्यांची. थ्रीडी प्रिंटरवर नावाची कीचेन काढावयाची, पाहुण्यांना दाखवावयाची, आणि कापड घालून यंत्र झाकून ठेवावयाचे, हा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो. त्यापेक्षा ते यंत्र न घेतलेले बरे.

केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेखाली २०१६ पासून देशातील सुमारे १० हजार शाळांना प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद झाली. आपल्या शहरातील ज्या शाळांत अशी प्रयोगशाळा आहे, त्यांनी ती रविवारी सकाळी मोहल्ल्यासाठी उघडावी. दांडिया बाजारातील आजोबांचा बिघडलेला रेडिओ, रावपुऱ्यातील शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या यंत्राचे पायडल, हे तेथे यावे. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत आयुष्य घालविलेले फिटर व टर्नर आज निवृत्त होऊन घरी बसले आहेत. मुलांना कानस कशी धरावी हे त्यांच्याइतके चांगले कोण शिकविणार? किल्ली कोणाकडे, वस्तू मोडली तर जबाबदार कोण, हे प्रश्न निघतील. ग्रंथालय निघाले तेव्हाही पुस्तक हरवण्याची भीती होतीच, तरी पेट्या गावोगाव गेल्या.

आणि जे बनेल त्याचा आराखडा मराठीत व गुजरातीत लिहून ठेवावा. खुले नकाशे आज बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि ज्या सुताराला वा मुलीला ते वाचता येत नाहीत, त्यांच्यापुरते ते बंदच आहेत. गज्जरांचे काम येथे अपुरे राहिले आहे. आपल्या वार्षिक अंकात बक्षिसे घेतानाची छायाचित्रे दरवर्षी येतात. त्यांतील एक पान कमी करून तेथे विद्यार्थ्यांनी बनविलेल्या एका वस्तूचा नकाशा, सामानाची यादी व कृती छापावी, अशी संपादकांना विनंती आहे. आरंभ अवघड वस्तूने करू नये. ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या आपल्या वस्त्यांत गच्चीवरची टाकी भरून वाहते, कारण पंप बंद करावयाचे कोणाच्या लक्षात राहत नाही. एक तरंगणारा गोळा, वर चढताच जुळणाऱ्या दोन पट्ट्या, एक बॅटरी आणि एक भोंगा, एवढ्यावर हे काम भागते; त्याला आर्डुइनोचीही गरज नाही. पुढील अंकात पहिला आराखडा या भोंग्याचा यावा.