दोष मतदारांचा की धनिकांच्या राजवटीचा?

२३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि सुखवस्तू वर्तुळांत एकच आक्रोश उसळला. अडाण्यांनी देश बुडविला, असा सूर निघाला. फेरमतदानाच्या मागणीवर ४१ लाखांहून अधिक सह्या झाल्या. पण संडरलंडचा शेवटचा जहाजकारखाना १९८८ मध्ये बंद पडला, तेव्हा ही मंडळी कोठे होती? १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप चिरडणारे थॅचर सरकार ब्रसेल्सचे नव्हे, लंडनचेच होते!

विजयोन्माद करणाऱ्यांचा ढोंगीपणाही तितकाच निर्लज्ज. संघाला जाणारे आठवड्याचे ३५ कोटी पौंड आरोग्यसेवेला देऊ, हा त्यांचा प्रचार. तो चूक होता, ही फराज यांची कबुली निकालाच्याच सकाळी आली! पाठोपाठ लंडनमधील पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर द्वेषाची अक्षरे उमटली.

एक पक्ष श्रमिकाला मूर्ख ठरवितो, दुसरा त्याला स्थलांतरित श्रमिकावर सोडतो. मालकाचे नाव दोघेही घेत नाहीत. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले, मालकशाही मात्र जागची हलली नाही. ब्रिटिश व पोलिश कामगारांची एकजूट हाच तिच्यावरील खरा कौल होय.