नियम मोडण्याचे भाडे

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील विमानतळांवर जे घडले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी ज्या एका कंपनीच्या विमानांतून जातात, त्या इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे अवघ्या काही दिवसांत रद्द झाली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी रद्द उड्डाणांचा आकडा हजारापलीकडे गेला. लग्नाला निघालेले, अंत्यविधीला निघालेले, औषधोपचारासाठी निघालेले लोक सामानासह विमानतळावर तिष्ठत बसले. निमित्त झाले ते वैमानिकांना पुरेशी झोप मिळावी म्हणून केलेल्या नियमाचे. त्या नियमाने आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि वैमानिकाने रात्री विमान उतरविण्याची मर्यादा सहा वेळांवरून दोन वेळांवर आणली.

हा नियम आकाशातून पडलेला नव्हता. तो जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला होता आणि दिल्ली उच्च न्यायालयासमोर ठरल्याप्रमाणे १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अमलात आला. तयारीस जवळजवळ दोन वर्षे मिळाली होती. तरीही कंपनीची तयारी अपुरी पडली, आणि सरकारने केले काय? त्याच कंपनीला रात्रपाळीच्या काही निर्बंधांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. पुढे जानेवारी २०२६ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तिला २२ कोटी २० लक्ष रुपये दंड ठोठावला. रक्कम ऐकून सामान्य माणसाचे डोळे दिपतील. परंतु २०२४-२५ या वर्षात कंपनीचा निव्वळ नफा ७,२५८ कोटी रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे २० कोटी होता. दंड झाला तो एका दिवसाच्या कमाईहून किंचित अधिक! उड्डाणे कमी करावी लागली, तिकिटांचे पैसे परत करावे लागले, ही झळ वेगळी, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु राज्यसत्तेने रोख दंड म्हणून जे शासन केले, ते एवढेच.

या प्रकारावर दोन तऱ्हेचे उद्गार सर्वत्र ऐकू आले. एक पक्ष म्हणाला, ‘माणसाची नीतीच बुडाली, व्यापारी लोभी झाले.’ दुसरा म्हणाला, ‘सरकारने नियम केला म्हणूनच हे झाले, नियम काढा, बाजार आपोआप ठीक होईल.’ हे दोन्ही पक्ष आम्हांस सारखेच उथळ वाटतात. लोभ काल होता, आज आहे, उद्याही राहील. आणि नियमावाचून बाजार कोठेही नसतो. वजनमापाचा व कराराचा कायदा नसेल तर साधा आठवड्याचा बाजारही भरणार नाही. खरा प्रश्न निराळा आहे. नियम पाळणाऱ्याच्या पदरात काय पडते, मोडणाऱ्यास काय भोगावे लागते, आणि मोडल्याची झळ प्रत्यक्षात कोणाला लागते? या तीन प्रश्नांची उत्तरे सांगा, म्हणजे लोक कसे वागतील हे आम्ही बऱ्याच अंशी सांगू शकू.

आमचे म्हणणे विमानवाहतुकीच्या इतिहासानेच सिद्ध होते. अमेरिकेत १९३८ पासून चाळीस वर्षे एक सरकारी मंडळ विमानांचे मार्ग आणि भाडी ठरवीत असे. भाडे कमी करून गिऱ्हाईक ओढण्याची मुभा नाही, म्हटल्यावर कंपन्या जेवणाच्या थाटावर आणि विमानातील बैठकीच्या दालनांवर चढाओढ करू लागल्या. एका कंपनीने तर आपल्या जंबो विमानात पियानोसारखे वाद्य बसविले. अटलांटिक महासागरावरील प्रवासात हीच गोष्ट विनोदाच्या थराला गेली. १९५८ मध्ये तेथे स्वस्त वर्ग सुरू झाला, तेव्हा कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरविले की, या वर्गात साधे, थंड, कमी खर्चाचे सँडविचच द्यावे. लागलीच युरोपातील काही कंपन्यांनी पावाच्या एका चकतीवर पक्वान्नांचा डोंगर रचला आणि त्यासच सँडविच म्हटले! अमेरिकन कंपन्यांनी तक्रार केली, आणि सँडविच म्हणजे काय यावर थोरामोठ्यांचा खल झाला. भाड्याची वाट बंद होती, म्हणून चढाओढ सँडविचाच्या वाटेने बाहेर पडली.

१९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या कारकीर्दीत ती बंधने उठविण्याचा कायदा झाला आणि पुढे ते मंडळही विसर्जित झाले. भाडी उतरली, सामान्य माणूस विमानात बसू लागला. हे श्रेय त्या कायद्यास दिलेच पाहिजे. परंतु ‘बंधने गेली, की सारे शुद्ध होते’ असे मानणाऱ्यांनी पुढचाही भाग वाचावा. तेथे तिकिटाच्या मूळ भाड्यावर साडेसात टक्के केंद्रीय कर आहे, सामानाच्या वेगळ्या आकारावर तो नाही. २००८ मध्ये तेल महागले, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी पहिल्याच पेटीचे वेगळे पैसे घेण्यास प्रारंभ केला. महाग तेल हे त्याचे निमित्त होते. पण तेल उतरल्यावरही हा आकार गेला नाही, कारण भाड्यातून घेतलेल्या डॉलरवर कर पडतो आणि पेटीच्या नावाने घेतलेला डॉलर त्यातून सुटतो. प्रवाशाला स्वस्त तिकीट दिसते आणि पेटीपाशी खिसा कापला जातो.

चांगला नियम कसा असतो, याचेही उदाहरण त्याच देशात सापडते. विमानात जागा असतात त्यांहून अधिक तिकिटे विकण्याची कंपन्यांची जुनी रीत होती, आणि ज्यांना उतरविले जाई ते संतापून जात. ज्यूलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये सुचविले की, सक्ती करू नका. जो खुशीने मागे राहील त्याला मोबदला द्या, आणि सर्वांत कमी मोबदल्यात जो राजी होईल त्यालाच मागे ठेवा. प्रथम लोकांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. १९७८ मध्ये आल्फ्रेड काह्न त्या मंडळाचे अध्यक्ष असताना ती नियमात उतरली. ज्यास घाई नाही तो पैसे घेऊन बसतो, ज्यास घाई आहे तो जातो, आणि आपल्या हव्यासाची किंमत कंपनी स्वतः मोजते. यात कोणाच्या सद्गुणांची परीक्षा घ्यावी लागली नाही.

असा नियम आपल्याकडे विमानाबाहेरच्या व्यवहारातही काम करीत असतो. मात्र आपले लक्ष नसते. २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात चार मीटरपर्यंत लांबीच्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. त्यानंतर काही कारखान्यांनी आपल्या लांब मोटारींची शेपटी कापून त्या चार मीटरांत बसविल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या आखूड पाठीच्या गाड्या पाहून गिऱ्हाइकाची अभिरुचि बदलली असे कोणी म्हणेल. वस्तुतः ती अर्थमंत्र्यांच्या मोजपट्टीची करामत होय.

आता आपल्या सीमाभागाकडे वळू. लहान शहरे विमानांनी जोडण्यासाठी २०१६ मध्ये ‘उडान’ योजना आली. काही जागा ठरावीक स्वस्त भाड्यात द्यायच्या आणि तोटा सरकारने तीन वर्षे भरून द्यायचा, अशी तिची रचना. हेतू स्तुत्य, यात शंका नाही. परंतु झाले काय? हुबळीचे नाव योजनेत आले, बेळगावचे नव्हते. २०१८ मध्ये एका विमान कंपनीने बेळगावची आपली उड्डाणे उचलून शेजारच्या हुबळीस नेली. बेळगावचे प्रवासी रातोरात घटले नव्हते. अनुदान पलीकडच्या गावी होते, एवढेच. पुढे बेळगावही योजनेत आले आणि विमाने परतली. आणि अनुदानाची तीन वर्षे संपल्यावर काय होते, ते नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात सांगितले आहे. मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गच सुरू झाले. तीन वर्षे पूर्ण केली ती ११२ मार्गांनी. आणि मार्च २०२३ पर्यंत अनुदानाविना टिकले अवघे ५४. कोनशिला बसविणाऱ्याचे छायाचित्र पहिल्या दिवशी वृत्तपत्रात येते. चौथ्या वर्षी विमान बंद पडते तेव्हा छायाचित्रास कोणी उभे राहत नाही. आपण मतदार पहिल्या दिवसाला टाळ्या देतो आणि चौथ्या वर्षाचा जाब विचारीत नाही. मग पुढारी पहिल्या दिवसापुरतीच योजना आखतील, यात नवल ते कसले?

राजकारणात तर हे तत्त्व उघडेनागडे दिसते. १९८५ मध्ये राज्यघटनेत दहावी अनुसूची घालून पक्षांतरास बंदी केली. त्या वेळी एकतृतीयांश आमदार फुटले तर माफी होती. २००३ मध्ये ती वाट बुजविली, पण दोनतृतीयांशांच्या ‘विलीनीकरणा’ची वाट उघडी राहिली. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ आमदारांपैकी बरोबर १० भारतीय जनता पक्षात गेले. पुढच्या विधानसभेत, सप्टेंबर २०२२ मध्ये, ११ पैकी ८ गेले. अंकगणित करून पाहा: दोन्ही वेळा कायद्यास लागणारी ती किमान संख्या आहे. एकट्याने पक्ष सोडणे महाग आणि टोळीने सोडणे फुकट, असा बाजारभाव कायद्यानेच लावून दिला.

येथे नीतीच्या कैवाऱ्यांना आमचा एक प्रश्न आहे. त्याच २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. देवीच्या साक्षीहून मोठे बंधन आपल्या समाजास ठाऊक नाही. तरी आठ महिने उलटण्यापूर्वीच त्यांतले आठ आमदार पलीकडे बसले. शपथ मोडणाऱ्यास आम्ही मुळीच निर्दोष ठरवीत नाही. परंतु ज्या कायद्याने शपथ मोडणे बिनखर्चाचे केले, तो कायदा तसाच ठेवून पुढच्या निवडणुकीत पुन्हा देवळात शपथा घ्यायच्या, हे देवाला वेठीस धरणे होय. देवळाने शपथेला साक्ष द्यावी. कायद्याची भोके बुजविणे हे देवळाचे काम नव्हे.

कोणी म्हणेल, ‘तर मग दंड वाढवा, म्हणजे झाले.’ एवढ्याने भागत नाही. दंड सरकारच्या तिजोरीत जातो आणि रात्र विमानतळाच्या फरशीवर काढलेली असते प्रवाशाने. युरोपात २००४ च्या नियमाने उड्डाण ऐन वेळी रद्द केल्यास अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो थेट प्रवाशाच्या हाती द्यावे लागतात. तिकीट कितीही स्वस्त असो. आपल्या नियमावलीतही भरपाई आहे: पाच, साडेसात किंवा दहा हजार रुपये, ‘किंवा मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते’. वकिलाच्या डोळ्यांना या वाक्यात सारे सापडते. ‘जे कमी असेल ते’ या चार शब्दांनी कंपनीचा धोका तिकिटाच्या किमतीत कोंडला आणि उरलेला प्रवाशाच्या माथी मारला. आणि नियम पाहणाराच नसेल तर? २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदीय समितीने दाखवून दिले की, महासंचालनालयाच्या १,०६३ मंजूर पदांपैकी ५५३ च भरलेली होती. निम्म्या खुर्च्या रिकाम्या असलेल्या पहारेकऱ्याला कोण भिणार?

म्हणून आमची मागणी उपदेशाची नाही, मसुद्याची आहे. भरपाईच्या नियमातील ‘कमी’ हा शब्द काढून तेथे ‘अधिक’ घाला. वैमानिकाच्या झोपेचा नियम कोणत्याही कंपनीच्या आकारमानाकडे पाहून सैल करू नका; कारण जी कंपनी बंद पडली तर देश अडतो, तिलाच सूट मिळते, हे एकदा दिसले की प्रत्येक कंपनी तेवढी मोठी होण्याची धडपड करील आणि नियम पाळणारा लहान व्यावसायिक मूर्ख ठरेल. पहारेकऱ्याच्या रिकाम्या जागा भरा. आणि दहाव्या अनुसूचीतील विलीनीकरणाची पळवाट बंद करून, ज्यास पक्ष बदलायचा आहे त्यास जागा सोडून पुन्हा मतदारांपुढे जाण्यास लावा.

देवस्थानच्या सभेत हिशेब वाचला जातो तेव्हा आपले महाजन पै-पैचा जाब विचारतात. सेवेची पाळी चुकली तर नुकसान कोणी सोसायचे, हेही विचारतात. तीच चिकित्सा आपण मत मागावयास येणाऱ्याच्या बाबतीत का सोडून देतो? विमानतळ आणीन असे तो म्हणाला, तर चौथ्या वर्षी विमान कोणाच्या पैशाने उडेल हे विचारा. कायदा आणीन म्हणाला, तर मोडणाऱ्यास काय पडेल आणि ते कोणाच्या हाती जाईल हे विचारा. जोवर आपण हे विचारीत नाही, तोवर नियम मोडण्याचे भाडे मोडणारा नव्हे, आपणच भरीत राहणार.